जमादारांची बजावणी

त्यांच्या हातचा कागद कोणालाच नको असे, तरी ते गावात शिरले की लोक खाट टाकत. माझ्या हातचा कागद लोक हसून घेत आणि संध्याकाळपर्यंत त्यात तंबाखू बांधलेला असे. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा तो इथून सुरू होतो. कुठं संपतो ते मला अजून कळलेलं नाही.

ते वाशीमच्या मुन्सफ कोर्टात बेलीफ होते. किरकोळ दाव्यांचे समन्स घेऊन गावोगाव पायी जायचं, ज्याच्यावर दावा झाला त्याला गाठायचं आणि अमुक तारखेला कोर्टात हजर राहा असं कळवायचं, हे त्यांचं काम. सगळा मुलूख त्यांना जमादार म्हणे. खरे जमादार दुसरेच होते, कोर्टाच्या दारात लाल पट्टा बांधून पुकारा करणारे, आणि ही गोष्ट त्या पट्टेवाल्यांना फार खुपे. आवारात कोणी "ओ जमादार" अशी हाक घातली की दोघंही वळत आणि हाक मारणारा हमखास बेलीफाकडं बघत असे. पट्टेवाल्या जमादारांचं आणि माझं म्हणूनच चांगलं जमे.

मी तेव्हा बाविशीत होतो. मॅट्रिक झालो होतो आणि कोर्टाचा कारभार बघणाऱ्या नाझराच्या दफ्तरात उमेदवार होतो, म्हणजे फुकट नकला करायच्या आणि कधीतरी जागा निघेल म्हणून वाट बघायची. जीव मात्र पत्रकांत होता. माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालं. शाळेच्या पुस्तकाआधी मला भिंतीवर चिकटवलेले कागद वाचता आले. परदेशी कापड, दारू, हुंडा, शिवाशीव, प्रत्येकावर मी एकेक पत्रक लिहिलं होतं, आणि "बंधूंनो, उठा" हे शब्द ज्यात नाहीत असं त्यात एकही नव्हतं. छापखान्यात उरलेल्या गुलाबी-हिरव्या कागदावर ती छापून घ्यायची आणि बाजारात वाटायची. मी जग बदलायला निघालो होतो. जमादार फक्त तारीख सांगायला निघत. आणि लोक त्यांचं ऐकत.

दिसायला माणूस काहीच नव्हता. बुटके, कमरेत थोडे वाकलेले, खाकी कोट गुडघ्यापर्यंत आलेला, कारण तो आधीच्या उंच बेलीफाचा होता. छातीवर पितळी बिल्ला. गावाच्या शिवेवर पोचले की ते झाडाखाली बसून चिंचेच्या बोटकानं तो बिल्ला घासत. "कोर्ट मळकं जाऊ नये कोनाच्या घरी," म्हणत. अक्षर मोडी, तेही असं की ओळीवर मुंगळे चालल्यासारखं. पिशवीत ज्वारीच्या पिठाची खळ, शाईची डबी आणि सुतळीची गुंडी.

आणि पाण्याचा नियम. समन्स हातात पडेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही. उन्हात आठ-दहा मैल चालून आलेले असोत, ओठ फुटलेले असोत, पुढं केलेला तांब्या ते हातानं बाजूला सारत.

"आधी कागद. मंग पानी."

"अवो जमादार, जीव जाईन तुमचा."

"गेला तं समन्सच्या मांगं लिवा, बेलीफ मेला, बजावनी नाई झाली."

एकदा मी विचारलं, पाण्यानं काय बिघडतं? ते म्हणाले, "पानी पेलं का मी पाव्हना झालो. पाव्हन्याच्या हातचा कागद कोनी कायले मनावर घेईन?" मग कागद दिल्यावर ते मागून घेऊन पाणी पीत, दोन-दोन तांबे, आणि प्यायल्यावर शत्रूच्या घरी बसल्यासारखे वाटत नसत. मी हे पत्रकात लिहायचा प्रयत्न केला. चार ओळींत ते मूर्खपणाचं दिसायला लागलं.

सुटीच्या दिवशी मी कधी कधी त्यांच्याबरोबर जाई. कोणी विचारलं तर कारण म्हणून लोकसेवा सांगत असे. खरं कारण, हा माणूस असं करतो तरी काय, ते बघायचं होतं.

वाशीमकडच्या मालेगावजवळ एका गावी तिथल्या पाटलावर समन्स होतं. शेजाऱ्याचा दोन गाड्या कडबा उचलून नेल्याचा दावा. आम्ही पोचलो तर पाटलीणबाई दाराआडून म्हणाल्या, "घरी नाईत. गावाले गेले." माळ्यावरून खोकल्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "मांजर हाय." जमादारांनी मान डोलावली, ओट्यावर मांडी घातली आणि खणखणीत आवाजात समन्स वाचायला घेतलं. चार शेजारी जमले. वादीचं नाव झालं, प्रतिवादीचं झालं, आणि मग, "प्रतिवादीनं वादीच्या वावरातून कडब्याच्या चार गाड्या नेल्या असं की..."

"चार कुठच्या बे!" माळ्यावरून आवाज आला. "दोनच नेल्या!"

जमादार तसूभर हलले नाहीत. "उतरा पाटील. दोनच लिवल्या हायेत. सही करा."

परत येताना मी तत्त्वाचा प्रश्न काढलाच. "तुम्ही खोटं वाचलंत. कोर्टाचा कागद खोटा वाचलात."

"चष्मा नाई नं माह्याजवळ," ते म्हणाले.

पुढच्या बाजारी तो पाटील स्वतःच ही गोष्ट सांगून लोकांना हसवत होता आणि जमादारांना ओढून चहाला नेत होता. त्याच पाटलाला मी माझ्या एका पत्रकात गावाचा वैरी म्हटलं होतं. त्यानं ते वाचलंही नव्हतं.

आणखी एक खटका आमच्यात नेहमी उडे. कायद्यानं समन्स बाईच्या हाती देता येत नसे. प्रतिवादी घरी नसला तर घरातल्या सज्ञान पुरुषाला द्यायचं, गड्याला नाही, पाहुण्याला नाही, बाईला नाही. तसा पुरुष नसेल तर दोन शेजाऱ्यांदेखत दाराला चिकटवायचं. मी पेटून उठलो. स्त्रीजातीचा हा अपमान आहे, यावर पत्रक निघालंच पाहिजे, वगैरे. जमादार ऐकून घेत. मग एखाद्या घरी बाई एकटीच असली की तिच्यासमोर उंबऱ्याबाहेर उकिडवे बसत. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही हे ठाऊक, म्हणून स्वतःच एकेक नाव उच्चारत. "गनपत? किसन? नामदेव?" खरं नाव आलं की बाई पदर पुढं ओढी. मग ते सगळा कागद तिला वाचून दाखवत, दावा कोणाचा, कशाचा, काय काय घेऊन यायचं, आणि मगच तो दाराला चिकटवत.

"तिला सांगून काय उपयोग? कायदा तिला मोजतच नाही," मी म्हणालो.

"कायदा नाई मोजत. पन घरी यजमानाले सांगनार कोन हाय? दार?"

माझं पत्रक निघालं, त्यात स्त्रियांच्या हक्कावर चांगले दोन परिच्छेद होते. त्या बायकांपैकी एकीनंही ते ऐकलं नाही, कारण वाचून दाखवायला मी त्यांच्या उंबऱ्याशी उकिडवा बसलो नव्हतो.

ते मला एक शब्द फार ऐकवत. "समन्स देत नाईत रे बावा, बजावतेत. देनं म्हंजे टाकून देनं बी होते. बजावनं म्हंजे समोरच्याच्या डोक्यात उतरलं पाह्यजे." दफ्तरात आम्ही दिवसातून शंभरदा "बजावणी" लिहीत असू. त्या शब्दाला अर्थ आहे हे मला त्यांच्यामुळं कळलं, आणि शब्द हा माझा प्रांत होता, म्हणून ते मला लागलंही.

सुतळी याच कामाची. वाचता न येणाऱ्याला इंग्रजी तारीख सांगून काय कळणार? जमादार सुतळीला गाठी मारून देत. रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की घरून निघायचं. त्यांच्या समन्सचा माणूस बहुधा तारखेला हजर असे, म्हणून एकतर्फी हुकूमनामे आमच्याकडं कमी होत, म्हणजे एक बाजू आलीच नाही म्हणून दुसरीच्या मनासारखा निकाल, असं कमी होई. मुन्सफसाहेब समन्सच्या पाठीवरची मोडी अक्षरं बघून म्हणत, "जमादारांची बजावणी आहे ना? मग चला पुढं." त्यांच्या शपथेवर कोणी वकील उलटतपासणी घेत नसे. सुतळीचं साहेबांना ठाऊक नव्हतं. नाझरांना होतं, आणि त्यांनी दोनदा ताकीद दिली होती, "कागद पोचवा, पंचांग सांगू नका."

माझं अक्षर मोत्यासारखं होतं. माझ्या शब्दावर कोणी "चला पुढं" म्हटलं नव्हतं.

उन्हाळा सरत होता तेव्हाची गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या हरसिंग नावाच्या माणसावर समन्स निघालं. त्यानं पोहरादेवीच्या यात्रेत मालेगावच्या एका व्यापाऱ्याला बैल विकला होता. व्यापाऱ्याचं म्हणणं, बैल बसका निघाला, जुवाखाली घातला की खाली बसतो, हरसिंगनं फसवलं, किंमत परत द्या. रक्कम किरकोळ होती. पण तांड्याचं पोट गुरांच्या खरेदी-विक्रीवर होतं, आणि तांड्याच्या माणसाचा बैल लोक त्याच्या शब्दावर घेत. कोर्टानं हरसिंगला लबाड ठरवलं असतं तर पुढच्या यात्रेत तांड्याच्या दावणीपुढं कोणी उभं राहिलं नसतं.

जमादारांच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. दफ्तराच्या पायरीवर बसून ते दातानं गाठी मारायला बघत होते. मी म्हणालो, "आणा इकडं." दया आली म्हणून नव्हे. त्या सुतळीत माझा हात असावा असं मला किती दिवस वाटत होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, दिवस मोजले, नेटक्या गाठी मारल्या, सारख्या अंतरावर. त्यांच्या गाठी वेड्यावाकड्या असत.

"बराबर मोजल्या नं?"

"मोजल्या."

त्यांनी गुंडी पिशवीत टाकली. मोजून बघितली नाही. दुपारी निघाले, मानोऱ्याच्या वाटेवर एका गावी आणखी एक समन्स लावलं, आणि सकाळी तांड्यावर पोचले. परत आल्यावर म्हणाले, वाटेतल्या मुक्कामाचा दिवस धरून एक गाठ त्यांनी स्वतः सोडून दिली. समन्सवर हरसिंगचा अंगठा होता, साक्षीला दोघांची नावं होती, वेळ लिहिली होती. कायद्याच्या दृष्टीनं बजावणीत बोट ठेवायला जागा नव्हती.

तारखेला हरसिंग आला नाही. दारातून तीनदा पुकारा झाला. वादीचं म्हणणं शपथेवर झालं आणि दावा एकतर्फी मंजूर.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधी तो आवारात उभा होता. डोक्याला लाल फेटा, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, बरोबर दोन साक्षीदार आणि रिकामी सुतळी. माझ्याकडंच आला, कारण दारात मीच होतो.

"काल सकायी सुटली जी शेवटची. तसेच निघालो. संध्याकायी पोचलो तं कोर्ट बंद."

मी त्या सुतळीकडं बघितलं आणि मनात दिवस परत मोजले. मी तारखेच्या दिवसापर्यंत गाठी मारल्या होत्या. जमादार तांड्याला द्यायच्या सुतळीत चालण्याचा एक दिवस कमी धरत. माझं घर कोर्टापासून पाच मिनिटांवर. तांड्यावरून इथं येताना माणसाला दिवसभर चालावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "बंधूंनो, उठा" असं लिहिणाऱ्याला ते उठून किती चालणार याचा पत्ता नव्हता.

हरसिंगच्या बाजूनं एका तरुण वकिलानं अर्ज टाकला, की कसूर नसताना गैरहजेरी झाली, हुकूमनामा रद्द करावा. तो त्याच दुपारी सुनावणीला निघाला. व्यापाऱ्याचे वकील हसले. "सुतळी? साहेब, समन्स रीतसर बजावलेलं आहे. अंगठा आहे. बजावणी करणारे जमादार आहेत. विचारा त्यांनाच."

जमादारांना बोलावलं. त्यांनी पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. मी भिंतीशी उभा होतो. माझ्या खिशात सत्यावरचं एक ताजं पत्रक होतं, शाई अजून बोटांना लागत होती.

साहेब म्हणाले, "समन्स तुम्ही बजावलंत?"

"हो साहेब."

"वाचून दाखवलंत? तारीख सांगितलीत?"

"सांगतली."

"मग बजावणी बरोबर आहे."

इथं ते गप्प बसले असते तर सगळं संपलं असतं. एकही शब्द खोटा बोलावा लागला नसता.

"कागदावर बराबर हाय साहेब. मानसावर चुकली."

"म्हणजे?"

"त्याले कागद वाचता येत नाई. म्या सुतळी देली. कागद घरी ठेव, सुतळी पाह्य, असं म्याच सांगतलं. सुतळीत चालाचा दिवस धरला नाई. थो माह्या सांगन्यावर आला, म्हनून उशिरा आला."

व्यापाऱ्याचे वकील उठलेच. "साहेब, कोर्टाचा नोकर पक्षकाराला सल्ला देतो? तारखा स्वतःच्या सुतळीनं ठरवतो? हे लिहून घ्यावं."

साहेबांनी टाक उचलला, पण टेकवला नाही. हळूच म्हणाले, "जमादार, विचार करून सांगा. हे लिहिलं तर अकोल्याला जिल्हा कोर्टाकडं पाठवावं लागेल."

"लिवा साहेब."

मी त्या वेळी तोंड उघडणार होतो, असं पुढं कित्येकांना सांगितलं. एक पाऊल पुढं टाकलं होतं, असंही सांगितलं. खरं एवढंच की मी माझ्या जोड्यांकडं बघत होतो, आणि भीतीपेक्षाही एक वाईट गोष्ट मला सुचत होती. हा क्षण माझा होता. आयुष्यभर ज्याची मी पत्रकं लिहिली तो समोर येऊन उभा होता, माझ्याच हातानं मारलेल्या गाठीतून आलेला, आणि तो या बुटक्या माणसानं उचलून नेला.

हुकूमनामा रद्द झाला. नव्या तारखेला हरसिंगचे साक्षीदार झाले, आणि व्यापाऱ्याच्या गड्यानंच कबूल केलं की तो बैल महिनाभर वखराला नीट चालला होता, पाय नंतर मुरगळला. दावा खारीज. हरसिंग आवारातच फेटा सोडून परत बांधायला बसला.

अकोल्याहून हुकूम आला तो जमादारांना नोकरीवरून कमी केल्याचा. पेन्शनीला दीड वर्ष उरलं होतं. तो हुकूम मीच नकलला, मोत्यासारख्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मी नाझरांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं, गाठी मी मारल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कोणी विचारलं तुला?"

"खरं आहे ते सांगतो आहे. लिहून घ्या."

"उमेदवाराचं काय लिहून घेऊ? हजेरीपटात तुझं नाव नाही. तू दफ्तरात आहेसच कुठं?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "जा, त्या नकला पुऱ्या कर."

माझ्या एकाही पत्रकाखाली मी तोवर नाव घातलं नव्हतं. "एक देशसेवक" एवढंच असे. तेव्हा मला ते नम्रपणाचं वाटे.

मग मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेची नवार ताणत होते. खाकी कोट परत करून टाकल्यामुळं आणखीच लहान दिसत होते. मला बघून म्हणाले, "ये. थे टोक धर."

मी टोक धरलं नाही. "जमादार, गाठी मी मारल्या होत्या."

"मालूम हाय. इतल्या चांगल्या गाठी माह्या नसतेत."

"मग कोर्टात माझं नाव का नाही घेतलंत?"

"कायले घेऊ? त्याच्या हातात सुतळी कोनं देली?"

"तुम्ही."

"कागद घरी ठेव, असं कोनं सांगतलं?"

"तुम्हीच. पण चूक माझी होती. मला सांगायची होती. तुम्ही मला बोलूच दिलं नाही. तुमची नोकरी गेली, आणि आता सगळा जिल्हा तुमचं नाव..." मला राग आला होता, आणि तो राग त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचा नव्हता हे त्यांना दिसत असावं.

त्यांनी नवार सोडली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"पोट्ट्या," ते म्हणाले, "लोक मले खाट टाकतेत, तुले सलते. साहेब माह्या शब्दावर चालते, तुले सलते. आता माही चूक बी तुलेच पाह्यजे काय?"

मी नाही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, दोनदा म्हणालो.

पण तीच पाहिजे होती. तेवढी एकच पाहिजे होती.